कराचे माप एकच हवे

कराचा भार नागरिकाला जड वाटतो; पण त्याहून अधिक खुपतो तो त्या भारातील भेदभाव. आपल्याइतक्याच मोलाच्या घरात राहणारा दुसरा नागरिक आपल्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतो, हे ध्यानात आले की कर हे कर्तव्य न राहता दंड वाटू लागतो. मुंबईच्या मालमत्ता कराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे.

१८८८ च्या महानगरपालिका कायद्याने, वास्तूला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल या अपेक्षेवर कराची आकारणी बेतली. त्यातून डागडुजीपोटी १० टक्के वजा केले की उरे ते करयोग्य मूल्य. तत्त्व निर्दोष होते. परंतु १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने, भाडे नियंत्रण लागू असलेल्या वास्तूचे वार्षिक मूल्य प्रमाण भाड्याच्या पलीकडे धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला. परिणाम उघड होता. शहराच्या सर्वांत मोलाच्या भागातील जुन्या इमारतींवर नाममात्र कर आणि दूरच्या उपनगरात कर्ज काढून घेतलेल्या नव्या सदनिकेवर चालू भाड्याच्या हिशेबाने कर! रोज लोकलच्या गर्दीत तास-दीड तास घालवणाऱ्या कुटुंबाने शहराच्या मध्यवस्तीचा खर्च उचलावा, असा हा उफराटा न्याय होता. यात गिरगावच्या चाळीतील भाडेकरूचा दोष नव्हता; दोष मापाचा होता.

ते माप बदलण्यासाठी २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित करपद्धती लागू झाली. रेडीरेकनरमधील त्या-त्या विभागाचा दर हा पाया. त्यावर चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि मजला यांचे गुणक. विभागाविभागांतील दरी बुजवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या पद्धतीतही एक धोका आहे. घराची किंमत वाढली म्हणून त्यात राहणाऱ्याची मिळकत वाढत नाही. पिढ्यानपिढ्या दादरला राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला भोवती उठलेल्या मनोऱ्यांमुळे घर सोडावे लागले, तर ती समानता नव्हे, विस्थापन होय. शिवाय प्रशासनाचा मोह आवरत नाही. नियमावलीने जमिनीची भावी बांधकामक्षमताही मूल्यात धरली होती. ते नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. जे आज उभेच नाही त्यावर कर कसा, हा साधा प्रश्न नागरिकांना थेट दिल्लीपर्यंत न्यावा लागला.

दुसरीकडे राज्यकर्त्यांना सवलतीचा मोह सुटत नाही. २०२२ च्या आरंभी मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला दिलासा देण्याचा हेतू चांगला. पण कसोटी केवळ क्षेत्रफळाची! कफ परेडमधील ५०० फुटांच्या घराला माफी आणि मानखुर्दमधील ५५० फुटांच्या घराला पूर्ण कर, हे कोणत्या समानतेत बसते? ठिकाणाचे मोल हिशेबात यावे म्हणून पद्धत बदलायची आणि माफी देताना तेच ठिकाण विसरायचे, ही विसंगती आहे. सवलत द्यायचीच तर ती क्षेत्रफळाला नव्हे, घराच्या मूल्याला आणि कुटुंबाच्या ऐपतीला पाहून द्यावी. जकात २०१७ मध्ये गेल्यानंतर महापालिकेच्या हाती स्वतःची म्हणावी अशी मोठी साधने मोजकीच उरली आहेत. ती मतांच्या हिशेबाने उधळणे नगराच्या हिताचे नाही.

समान माप ही कल्पना या भूमीला परकी नाही. शिवछत्रपतींच्या स्वराज्यात अण्णाजी दत्तो यांच्याकरवी जमिनीची मोजणी झाली, ती पाच हात व पाच मुठींच्या ठरीव काठीने. आणि सारा ठरला तो जमिनीची प्रत पाहून. काठी एक, पण नापीक आणि सुपीक जमिनीला सारा वेगळा. समान माप म्हणजे सरसकट समान कर नव्हे, हे त्या राज्यव्यवस्थेला पुरते उमगले होते.

आजच्या महापालिकांनी तोच धडा गिरवावा. प्रत्येक विभागाचे दर आणि गुणक सोप्या मराठीत प्रसिद्ध व्हावेत. ठरलेल्या पाच वर्षांनी फेरआकारणी व्हावी, निवडणुकीकडे पाहून ती पुढे-मागे ढकलली जाऊ नये. वाढीला मर्यादा असावी. आणि हरकतीची सुनावणी वेळेत व्हावी. शेजाऱ्याच्या आणि आपल्या घराला एकच काठी लागली आहे, ही खात्री पटली की सामान्य माणूस कर टाळत नाही. नगराविषयीची आपुलकी त्या विश्वासातूनच उगवते.