टॅबवर कीर्द, पण खतावणी कोठे?

धाराशिवच्या बाजारपेठेत जा, कळंबच्या मोंढ्यात जा किंवा उमरग्याच्या हमरस्त्यावरील दुकानांत डोकवा. पेढीवर बसलेल्या तरुण पिढीचा एक प्रश्न हल्ली हमखास कानी येतो. "काका, दुकानातला जुना संगणक काढून टाकला आणि टॅब घेतला, तर काम भागेल का?" त्याच पेढीवर मागे तक्क्याला टेकून बसलेल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो : "या पाटीवर लिहिलेले हिशेब टिकतात का?" मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात. त्यातही वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे आपण हसून दुर्लक्ष करतो, ते बरे नव्हे.

टॅब ही काही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. ॲपल कंपनीने आयपॅड जगापुढे मांडला, तो जानेवारी २०१० मध्ये. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' टॅबचे प्रकाशन झाले. सात इंची पडदा आणि सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास खरेदी किंमत, हे ऐकून संगणकाचे युग संपले, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा तो पडदा आणि तोकडी स्मृती यांमुळे विद्यार्थीही लवकरच कंटाळले.

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे उदाहरण मात्र मायक्रोसॉफ्टचे आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या कंपनीने 'सरफेस आरटी' नावाचा टॅब विक्रीस आणला. दिसायला विंडोज, नावही विंडोज. पण लोकांकडे वर्षानुवर्षे असलेले विंडोजचे कार्यक्रम त्यावर चालेनात. माल गोदामात पडून राहिला आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरची तूट हिशेबात दाखवावी लागली. ग्राहकाने यंत्राच्या रूपावर न जाता 'माझे रोजचे काम यावर होते का' एवढेच पाहिले. खरेदी करताना आपणही तेवढेच पाहावे.

आपले रोजचे काम म्हणजे काय? जुन्या पेढ्यांवर त्याची दोन अंगे स्पष्ट वेगळी असत. दिवसभर जसजसा व्यवहार होई, तसतशी कच्ची कीर्द लिहिली जाई. सायंकाळी गल्ल्याची शिल्लक जुळवून ती पक्की होई आणि मग मुनीमजी सवडीने, शांत जागी बसून खतावणी करीत : कोणाच्या खात्यावर किती नावे, किती जमा. महिन्याअखेर तेरीज निघे. तेरीज जुळली नाही, तर मुनीमजींना रात्री जेवण गोड लागत नसे. संगणक आला तेव्हा ही दोन्ही अंगे एकाच पेटीत गेली आणि त्यांतील भेद आपण विसरलो. टॅबमुळे तो भेद पुन्हा उघड झाला आहे, असे मला वाटते.

कीर्दीचे काम टॅब उत्तम करतो. काउंटरवर उभ्या-उभ्या बिल करणे, कॅमेऱ्याने बारकोड वाचणे, उधारीची नोंद करून ग्राहकाला तिथल्या तिथे संदेश पाठवणे, गोदामात फिरत मालाची मोजदाद करणे, आडतीवर काट्याजवळ उभे राहून पोत्यांचे वजन टिपणे, या कामांत टेबलावरचा संगणक टॅबची बरोबरी करू शकत नाही. ई-वे बिलही मोबाइलवरून काढता येते. राज्यांतर्गत मालवाहतुकीला महाराष्ट्रात एक लाख रुपयांच्या पुढे ते लागते. परंतु उमरग्याहून सीमा ओलांडून बिदर किंवा कलबुर्गी जिल्ह्यात माल निघाला, की मर्यादा पन्नास हजारांवर येते. ट्रक उभा आहे, चालक घाई करतो आहे, अशा वेळी माडीवरचा संगणक सुरू होण्याची वाट पाहण्यापेक्षा हातातील टॅब बरा.

शिवाय विजेचा प्रश्न आहे. आपल्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही. संगणकाला यूपीएस हवा, त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलायला हवी. टॅब एकदा भारित केला, की दिवसभराचा गल्ला सांभाळतो. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये तो अखंड चार्जरला जोडून ठेवू नये. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेचे वावडे असते, दोन उन्हाळ्यांत तिचे आयुष्य निम्मे होऊन बसते.

आता खतावणी. येथे गाडी अडते.

'टॅली' या कार्यक्रमाचा जन्मच मुळी एका व्यापारी घरातला आहे. श्यामसुंदर गोयनका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनासारखा कार्यक्रम मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयनका यांना, तो लिहायला सांगितला. हे १९८६ सालचे. पुढे भरत गोयनका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आज आपल्या बहुतेक पेढ्यांचे आणि त्यांच्या सनदी लेखापालांचे हिशेब टॅलीतच असतात, आणि टॅलीचा मूळ कार्यक्रम विंडोजवर चालतो. टॅबवर त्याचे अहवाल पाहता येतात, दूरस्थ जोडणी घेऊन नोंदीही करता येतात. पण त्या वेळी टॅबच्या काचेतून आपण दुसरीकडे चालू असलेला संगणकच पाहत असतो. तो संगणक आपल्या माडीवर असेल किंवा भाड्याने घेतलेल्या क्लाऊडवर; तो नाहीसा झालेला नसतो.

टॅबवरच चालणारी बिलिंगची व उधारीची ॲप आहेत, आणि लहान दुकानदाराला ती पुरतात, हे मी आनंदाने मान्य करतो. ज्याची उलाढाल मर्यादित आहे, जो कंपोझिशन योजनेत आहे आणि तिमाहीला एक विवरण भरून मोकळा होतो, त्याने संगणकासाठी चाळीस हजार रुपये घालण्याचे कारण नाही. परंतु घाऊक व्यापाऱ्याची गोष्ट निराळी. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या संकेतस्थळावर २-बी तयार होते. आपण खरेदी दाखवली, पण पुरवठादाराने ते बिल त्याच्या विवरणात दाखवले नसेल, तर त्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. बार्शीचे, लातूरचे, सोलापूरचे, पुण्याचे मिळून दोनशे पुरवठादार असले, तर एका बाजूला आपले खरेदीपत्रक आणि दुसऱ्या बाजूला २-बी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. एक क्रमांक इकडचा तिकडे झाला, तरी बिल जुळत नाही. दहा इंची पडद्यावर बोटाने वर-खाली सरकवत हे काम करणारा मनुष्य अर्ध्या तासात 'जुळले असेल' असे म्हणून उठतो. मोठा पडदा, अंकांची वेगळी कळपट्टी आणि शांत खोली यांची गरज येथे लागते. टॅबला कळफलक व माउस जोडता येतो हे खरे, काही टॅब मोठ्या पडद्यालाही जोडता येतात. पण ते सर्व जोडल्यावर त्याला संगणक म्हणायचे की टॅब, आणि वाचलेले पैसे कोठे गेले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दोन लहान अडचणीही नोंदवतो. ज्यांची फर्म कंपनी किंवा एलएलपी आहे, त्यांना जीएसटीचे विवरण डिजिटल स्वाक्षरीनेच भरावे लागते. ती डोंगलमधली स्वाक्षरी संगणकाला जितकी सहज ओळखते, तितकी टॅबला नाही. दुसरी अडचण जुन्या मराठी टंकांची. श्रीलिपीसारख्या टंकांत वर्षानुवर्षे जपलेली ग्राहकांची यादी टॅबवर उघडली, तर तिथे निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी.

परंतु मला खरी काळजी पडद्याच्या आकाराची वाटत नाही. बँकेत आम्हाला पहिल्या दिवसापासून एक शिस्त शिकवली जाई : नोंद करणारा हात वेगळा आणि ती तपासणारा डोळा वेगळा. लेजर होते तेव्हा कारकून लिही आणि अधिकारी आद्याक्षरी करी. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर शाखांत यंत्रे आली, पुढे कोअर बँकिंग आले, तरी ती शिस्त सुटली नाही. एकाने व्यवहार टाकायचा, दुसऱ्याने आपल्या सांकेतिक शब्दाने तो मंजूर करायचा. आपल्या पेढ्यांवरही हेच होते. मुलगा कीर्द लिही, मुनीमजी खतावणी करीत आणि रात्री वडील शिल्लक पाहत. आता टॅब एकाच्याच हातात असतो. तोच बिल करतो, तोच खोडतो, तोच सवलत देतो आणि रात्री तोच आकडा सांगतो. त्याची नियत चांगली असते. चूक मात्र कोणाच्याही हातून होऊ शकते आणि दुसरा डोळा नसेल, तर ती वर्षअखेरपर्यंत तशीच राहते.

ही चूक किती महाग पडते, त्याचे एक उदाहरण कॅश क्रेडिटचे घेऊ. बँकेला दरमहा द्यावयाच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल ४४ लाखांचा आहे आणि त्यापैकी १४ लाख पुरवठादारांना देणे आहे, असे धरा. मालाचे स्वतःचे मूल्य ३० लाख. त्यावर पंचवीस टक्के मार्जिन वजा जाता उचल २२ लाख ५० हजारांची. आता गोदामात टॅबवर माल जमा झाला, पण पुरवठादाराचे ४ लाखांचे बिल खतावणीत चढलेच नाही. देणे १० लाख दिसते, आणि उचल २५ लाख ५० हजारांची निघते. तीन लाख रुपये आपले नसताना आपण वापरतो, व्यापार जोरात आहे असा समज होतो, आणि पुरवठादाराचा तगादा आला की सगळी ओढाताण सुरू होते. असे दुष्टचक्र टेबलापलीकडून मी अनेकदा पाहिले आहे. त्यांपैकी बहुतेक कुटुंबे सचोटीची होती.

दुसरी काळजी मालकीची. वही कपाटात असे आणि कपाटाची किल्ली घरातील थोरांच्या कमरेला असे. टॅबवरील ॲपचे खाते कोणाच्या तरी मोबाइल क्रमांकावर असते. तो क्रमांक धाकट्या भावाचा असेल, पुतण्याचा असेल, कधी कधी तर नोकरीला असलेल्या मुलाचा असतो! तो सोडून गेला, क्रमांक बंद पडला किंवा पुढे भावाभावांच्या वाटण्या निघाल्या, तर ओटीपी कोणाकडे येणार? वाटण्यांच्या वेळी 'हिशेब दाखवत नाहीत' ही तक्रार बँकेच्या व्यवस्थापकापुढेही येते, आणि एकदा का ती आली, की सख्ख्या भावांमध्येही दुरावा येतो. म्हणून क्रमांक फर्मच्या नावाने स्वतंत्र घ्यावा, तो प्रमुख भागीदाराकडे असावा आणि सर्व भागीदारांना पाहण्याचा हक्क असावा. घरातील स्त्रिया फर्ममध्ये भागीदार असतात, सहीपुरत्या. त्यांनाही हा हक्क द्यावा, असे मी मुद्दाम सुचवतो.

तिसरी गोष्ट दुसऱ्या प्रतीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे जे घडले, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. जड माळवदांखाली माणसे गेली, तिथे वह्यांची काय कथा! जीएसटीच्या नियमांतही, अपघात वा नैसर्गिक आपत्तीने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत पुन्हा उभ्या करता येतील अशी प्रत ठेवावी, असे सांगितले आहे. हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. क्लाऊडवर प्रत असणे या दृष्टीने चांगलेच. पण ॲपचे वार्षिक शुल्क थकले तर जुने हिशेब उघडतील का, आणि ते एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढून घेता येतील का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी विचारावेत. गुळमुळीत उत्तर देणाऱ्याचे ॲप घेऊ नये.

तेव्हा माझे मत असे. किरकोळ दुकान असेल, तर टॅब घ्यावा आणि निश्चिंत असावे. घाऊक व्यापार, आडत, एकाहून अधिक गोदामे, कॅश क्रेडिट यांपैकी काही असेल, तर काउंटरवर टॅब आणि आत एक साधा संगणक, असे दोन्ही हवेत. टॅबवरची कीर्द रोज रात्री संगणकातील खतावणीत उतरावी, आणि उतरवणारी व्यक्ती दुसरी असावी. घरात वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी किंवा सून असेल, तर या कामासाठी तिच्याइतके योग्य कोणी नाही.

बदल करायचाच असेल, तर दिवाळीच्या वहीपूजनाचा मुहूर्त साधण्याचा मोह टाळावा. पूजन अवश्य करावे, परंतु आयकरासाठी १९८९-९० या कर आकारणी वर्षापासून सर्वांचे हिशेबी वर्ष मार्चअखेर संपते. नवी पद्धत १ एप्रिललाच सुरू करणे सोयीचे. पहिली तिमाही जुन्या संगणकावर आणि नव्या टॅबवर, दोन्हीकडे लिहावे. त्रास होतो, पण तीनच महिने. जूनअखेरची तेरीज दोन्हीकडे सारखी आली आणि दुकान किरकोळ असले, तर संगणक विकायला माझी हरकत नाही. फक्त देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून, तिच्यावर वर्षे लिहून ती आपल्या कपाटात ठेवावी. मोडीच्या भावात ती दोनशे रुपयांनाही जाणार नाही, आणि त्यात आपल्या प्रत्येक ग्राहकाची उधारी लिहिलेली असते.