किल्ली परक्याच्या खिशात

पुस्तक मागवायचे असो वा सराव परीक्षेसाठी नाव नोंदवायचे असो, संकेतस्थळाच्या उंबरठ्यावर एकच पाटी दिसते : ‘फेसबुक किंवा गुगलच्या खात्याने प्रवेश करा.’ एक कळ दाबली की दार उघडले! ही सोय फुकट आहे, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनी क्षणभर थांबावे.

या व्यवहारात संकेतस्थळाला आपले नाव व ई-पत्ता मिळतो. आपण कोणत्या दारी केव्हा गेलो, हे मधल्या कंपनीला कळते. २०१८ सालचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवावे. फेसबुकच्या ओळखीवर चालणारी एक व्यक्तिमत्त्व चाचणी भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतली. पण मित्रयाद्यांमधून ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असावी, हे खुद्द फेसबुकनेच मान्य केले. त्याच वर्षी सुमारे ३ कोटी खात्यांच्या डिजिटल किल्ल्या चोरीस गेल्या. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्याच ओळखीवर विसंबलेल्यांना इतर दारेही बंद झाली.

‘इतके परवलीचे शब्द लक्षात कोण ठेवणार?’ हा प्रश्न पोकळ नाही. सर्वत्र एकच सोपा शब्द वापरणे तर अधिक घातक. पण विसरभोळेपणावर उपाय म्हणून कोणी घराची किल्ली चौकातल्या दुकानदाराकडे कायमची ठेवतो काय? कपाटातली एक जपून ठेवलेली वही पुरेशी आहे.

मध्यस्थाची सोय किती महाग पडते, हे कोल्हापूरला कोणी शिकवावे? दुधाचा व्यवहार उत्पादकांच्या हाती राहावा, म्हणून १९६३ साली याच जिल्ह्यात ‘गोकुळ’ उभे राहिले. दुधाबाबत जागरूक असलेला हा समाज स्वतःच्या ओळखीबाबत उदासीन का?

संमती मुक्त, विशिष्ट आणि जाणतेपणी दिलेली हवी, असे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा सांगतो. जिथे परदेशी कंपनीच्या खात्यावाचून दुसरे दारच नाही, तिथली संमती मुक्त कशी? आपल्या संस्था, शिकवण्या, दुकाने यांनी मोबाइल क्रमांकाने किंवा ई-पत्त्याने नोंदणीचा स्वतंत्र मार्ग ठेवलाच पाहिजे. ग्राहकाने तो ठणकावून मागितला पाहिजे.

आणि प्रारंभ घरातून व्हावा. खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या संकेतस्थळांची यादी असते. येत्या रविवारी कुटुंबाने ती एकत्र वाचावी. ज्या दारांसाठी स्वतःची किल्ली हवी, तिथे आधी ती घडवावी आणि मगच जुने दुवे तोडावेत. स्वावलंबन भाषणातून येत नाही. ते अशा छोट्या कृतींतूनच येते.