शेवटच्या स्टेशनाचा गुन्हा

पुढ्यात चकली-करंजीचे ताट असताना हा मास्तर विलायतेची आगगाडी कुठून घेऊन आला, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! आगगाडी आम्हांला दाखवली ती विलायतेनेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ती काही आमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. देशावरचा कापूस बंदरात झटपट उतरावा म्हणून मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी लंडनच्या सरकारमागे रेल्वेचा लकडा लावला होता. आज त्याच मँचेस्टरला लंडनची नवी वेगवान गाडी मिळता मिळता राहिली. केले तसे भरले, म्हणून टाळ्या पिटणारे पिटोत. मला त्यात आपलेच दुखणे दिसते, म्हणून ही उठाठेव.

हकीकत अशी. ‘हाय स्पीड टू’ नावाचा एक लोहमार्ग लंडनहून बर्मिंगहॅमला जायचा, आणि पुढे त्याचे दोन फाटे फुटून एक मँचेस्टरला, एक लीड्सला पोचायचा. २०१० साली मजूर पक्षाने तो मांडला, २०१२ साली हुजूर पक्षाच्या पुढाऱ्याखालील सरकारने त्याला मान्यता दिली. मँचेस्टरचा प्रवास दोन तासांवरून सुमारे सव्वा तासावर येणार होता. पण खरा मुद्दा वेगाचा नव्हताच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या रुळांवर जलद गाडी, लोकल आणि मालगाडी एकमेकींच्या पायांत पाय घालतात. जलद गाड्या नव्या मार्गावर गेल्या की जुन्या रुळांवर गरिबाच्या गाडीला श्वास घ्यायला जागा मिळणार होती.

मग कात्री चालली. नोव्हेंबर २०२१ मध्ये लीड्सचा फाटा बव्हंशी छाटला गेला. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या पुढचे उरलेसुरले सगळेच रद्द केले. कुठे उभे राहून? खुद्द मँचेस्टरात! आणि सभागृह कोणते? १९६९ साली बंद पडलेले एक जुने रेल्वे स्टेशन! यजमानाच्या घरी जेवायला जाऊन त्यालाच उपास सांगावा, तसला हा प्रकार.

आता दुसरी बाजूही ऐकू. २०१२ साली हा सगळा मार्ग सुमारे ३३ अब्ज पौंडांत होईल असे सांगितले होते. २०२० च्या अहवालात तो आकडा १०६ अब्जांपर्यंत जाऊ शकतो असे निघाले. महामारीनंतर कचेरीत जाणारे लोक घरी बसूनच काम करू लागले. अशा वेळी भोक पडलेल्या पोत्यात धान्य ओतत राहायचे काय, असे सुनक विचारीत होते. प्रश्न रास्त आहे. मी हिशेब शिकवणारा माणूस. तो मी उडवून लावणार नाही.

पण पोत्याला भोक कुठे पडले, हे पाहाल की नाही? लंडनबाहेर चिल्टर्नच्या रम्य टेकड्या आहेत. तिथल्या सुखवस्तू मंडळींना दारासमोर गाडी नको होती. त्यांनी पार्लमेंटात रदबदली केली, आणि तिथला बोगदा लांबत लांबत सुमारे १६ किलोमीटरांचा झाला. बकिंगहॅमशरमध्ये एका रानाजवळ वटवाघळांना गाडीचा धक्का लागू नये म्हणून रुळांवर जे छप्पर घालायचे, त्याचाच खर्च दहा कोटी पौंडांच्या वर. वटवाघळांशी माझे वैर नाही. पण खर्च वाढला दक्षिणेत आणि काटछाट झाली उत्तरेत, हा कुठल्या गणिताच्या पुस्तकातला नियम? पंगतीत लाडू दोनदा वाढून घेतले एकाने, आणि तूप संपले म्हणून उठवले दुसऱ्याला!

वाचलेले ३६ अब्ज पौंड उत्तरेतल्या आणि देशभरच्या इतर कामांना देऊ, असे आश्वासन मिळाले. कामांची यादी निघाली. तिच्यात मँचेस्टरच्या विमानतळापर्यंतची ट्राम होती. ती २०१४ सालीच सुरू झालेली! पुढे त्याच पैशांतून लंडनच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवायलाही रक्कम निघाली. वाटेवरच्या लोकांची घरे, शेते सरकारने अगोदरच विकत घेतली होती. त्यांचे घरही गेले, आणि ज्या गाडीसाठी गेले ती गाडीही गेली.

पक्षांचे म्हणाल, तर मँचेस्टरचे मजूरपक्षीय महापौर अँडी बर्नहॅम यांनी विरोध केला, आणि वेस्ट मिडलंड्सचे महापौर अँडी स्ट्रीट सुनकांच्याच पक्षाचे असून विरोधात उभे राहिले. माजी पंतप्रधान कॅमेरून यांनी निर्णय चुकला असे जाहीर सांगितले, आणि सहा आठवड्यांच्या आत त्याच सुनकांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होऊन बसले! विरोधी मजूर पक्षाने निर्णयावर तोंडसुख घेतले. पण आम्ही आलो तर तो फिरवू, एवढे काही त्याच्या तोंडून निघाले नाही. २०२४ साली त्याचे राज्य आले, तरी तोडलेला फाटा आहे तसा परत आला नाही.

आणि वाचले काय? त्याच वर्षी तिथल्या सरकारी हिशेबतपासनिसांनी बजावले की, बर्मिंगहॅमच्या पुढे या नव्या गाड्या जुन्याच रुळांवरून धावल्या, तर मँचेस्टरला आजच्यापेक्षा कमी जागा मिळण्याचा संभव आहे. अर्धा पूल बांधला म्हणून अर्धी नदी ओलांडता येत नाही, ती गोष्ट ही.

यात मला आपले दुखणे दिसते, ते असे. राजधानीतून निघणारा रस्ता राजधानीकडूनच बांधायला घेतात. मग पैसा संपतो तो नेहमी शेवटच्या गावाच्या अलीकडे. मी ज्या गावी मास्तरकी केली, तिथे रात्री मुक्कामाची मोटार येई. तोटा झाला तेव्हा तालुक्याच्या दहा फेऱ्यांपैकी एकीलाही हात लागला नाही. बंद झाली ती आमची एकुलती एक. सातवीच्या पुढच्या मुली पहाटे त्याच मोटारीने हायस्कुलात जात. पुढल्या वर्षी त्यांतल्या दोघीच शाळेत उरल्या. कागदावर म्हणे काटकसर झाली!

यावर उपाय नाही असे नाही. कोकण रेल्वे आठवा. १९९३ साली इकडे रोहा ते वीर आणि तिकडे मंगळूर ते उडुपी असे दोन्ही टोकांचे तुकडे सुरू झाले. मधले डोंगर फोडणे सोपे नव्हते. पण दोन्ही टोके जागी झाल्यावर मधला तुकडा सोडून देण्याची सोय कोणत्याच पुढाऱ्याला राहिली नाही. १९९८ साली मार्ग पुरा झाला, आणि आज मुंबईचा चाकरमानी दिवाळीला त्याच गाडीने घरी येतो.

मँचेस्टरकडूनही रूळ टाकायला घेतले असते, तर लंडनचे स्टेशन रद्द करण्याची छाती कोणाची झाली असती? म्हणून म्हणतो, लांबच्या कामाचा पहिला पहारा शेवटच्या गावात पडू द्या. शेवटचे स्टेशन असणे हा काही गुन्हा नव्हे.