घरचे ताजे अंडे : उकडावे कसे, सोलावे कसे?

परसातील कोंबडीने सकाळी दिलेले अंडे दुपारी मुलांच्या ताटात पडावे, यासारखे समाधान नाही. परंतु तेच अंडे उकडून सोलावयास घ्यावे, तर टरफलाबरोबर निम्मा पांढरा भागही निघून येतो. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या गावी, जेथे अंडी घरचीच मिळू शकतात, तेथील गृहिणीला हा अनुभव शहरातील भगिनीपेक्षा अधिक येणार. त्यात हाताचा दोष नाही. दोष असलाच तर ताजेपणाचा!

ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो, आणि तोवर टरफलाखालचा पापुद्रा त्याला घट्ट धरून ठेवतो. टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून हा वायू हळूहळू निघून गेला, की पकड सैल होते. म्हणून सोलण्यासाठी आठवड्याचे अंडे उत्तम. मात्र हे शीतकपाट असलेल्या घरापुरतेच. जबलपूरकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत अंडी बाहेर ठेवून जुनी करण्याच्या भरीस पडू नये. ताज्याची पोळीच करावी.

आता उकडण्याविषयी. पुष्कळ घरी अंडी थंड पाण्यात घालून पातेले चुलीवर चढवितात. तसे न करता पाणी आधी उकळू द्यावे, मग पळीने अंडी अलगद सोडावीत. एकाएकी उष्णता लागल्याने पांढरा भाग लवकर घट्ट होतो आणि पापुद्र्याला कमी चिकटतो. आच मंद करून बाजारातील मोठे अंडे ११-१२ मिनिटे, लहान गावठी अंडे ९-१० मिनिटे ठेवावे. (कडकनाथ व ‘जबलपूर कलर’ यांच्या संकरातून जबलपूरच्या पशुचिकित्सा विश्वविद्यालयाने परसासाठी ‘नर्मदानिधी’ कोंबडी तयार केली आहे. तिची अंडी मिळत असतील, तर वेळ आकारमान पाहूनच ठरवावा.) जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंच असल्याने तेथे पाणी दीडएक अंश आधी उकळते, तेवढ्याने बिघडत नाही. महाबळेश्वरी मात्र एक-दोन मिनिटे वाढवावीत. पाण्यात सोडा घालण्याची युक्ती अनेकजणी सांगतात. आम्हांस तिचा फारसा भरवसा वाटत नाही.

वेळ होताच अंडी माठाच्या गार पाण्यात टाकावीत आणि ते पाणी कोमट झाले की बदलावे. फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडा दिसते. ती पांढऱ्यातील गंधक व बलकातील लोह यांच्या संयोगाची असते, विषारी नव्हे. सोलताना रुंद टोकापासून आरंभ करावा, कारण हवेची पोकळी तेथेच असते. टरफल चहूबाजूंनी तडकवून, पापुद्र्याखाली बोट घालून पाण्यातच सोलावे.

उकडलेले अंडे अधिक टिकते, ही समजूत मात्र सोडावी. उकडताना टरफलावरील नैसर्गिक आवरण निघून जाते, आणि जंतूंना वाट मोकळी होते. ते दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवावे. सकाळी सोललेले अंडे डब्यात घालून दुपारच्या सुट्टीसाठी मुलाबरोबर पाठविणे, निदान वैशाख-ज्येष्ठात, टाळलेलेच बरे. शीतकपाटात सालीसकट ते आठवडाभर राहते.

इतके करूनही एखादे फाटलेच, तर बारीक चिरून, कांदा-कोथिंबीर व लिंबू घालून, पोळीबरोबर वाढावे.