साक्षरतेच्या घोषणेनंतर

प्रौढशिक्षणाची मोहीम आटोपल्यावर गावात काय उरते, हा प्रश्न आपल्या देशात फारसा विचारला जात नाही. केरळातील एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९० मध्ये पूर्ण साक्षर घोषित झाला. त्याचे श्रेय हजारो स्वयंसेवकांस दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली त्रावणकोरात ग्रंथालयांचा संघ उभारला आणि पुढे ती चळवळ केरळभर पसरली, याचे विस्मरण होते. नवसाक्षराला वर्ग सुटल्यावर वर्तमानपत्र घेऊन बसावयास तेथे जागा होती. इतरत्र बहुधा ती नव्हती. आणि वापराविना अक्षरे पुसट होत जातात.

ही उणीव ओळखूनच २००९ च्या ‘साक्षर भारत’ योजनेत, निवडक जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींत लोकशिक्षा केंद्रे व तेथे प्रेरक नेमण्यात आले. मानधन दरमहा २,००० रुपये! मार्च २०१८ मध्ये योजना संपली आणि तोही आधार गेला. २०२२ पासूनचा नवा कार्यक्रम मुख्यतः स्वयंसेवेवर उभा आहे.

स्वयंसेवक अक्षरे शिकवील. तथापि निवृत्तिवेतनाचा अर्ज किंवा मोबाइलवर आलेला फसवा संदेश घेऊन येणारा प्रौढ मनुष्य वर्गाची वेळ पाहून येत नाही. त्याला उघडे दार व जबाबदार माणूस हवा. म्हणून वाचनालय, सेवाकेंद्र आणि वर्ग ग्रामपंचायतीने एकत्र आणावेत, व तेथील कार्यकर्त्यास नियमित वेतन मिळावे. जेथे वाचनालयाची खोली आधीच आहे, तेथून प्रारंभ व्हावा.