संपकरी आणि बडतर्फी

संपावर गेलेल्याला मालकाने सरळ घरी पाठवावं का? एसटीचा संप चालू होता तेव्हा आमच्या घरातलं बहुमत 'पाठवावं' असंच होतं. नवल नाही. मुरूड-श्रीवर्धनला रेल्वे नाही. एसटी बंद म्हणजे पोरांचं कॉलेज बंद, आणि दवाखान्यात जायचं तर मिनिडोरवाला सांगेल ते भाडं.

तरी माझं मत 'नाही' असंच आहे.

तो संप सुरू झाला ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस. मागणी होती महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण (ती मलाही पटली नव्हती, पण ते असो). न्यायालयाने मनाई केली तरी संप चाललाच. मग निलंबनं झाली, पगारवाढ जाहीर झाली, हजारोंना बडतर्फीची पत्रं गेली. काही परतले, बरेच नाही. शेवटी 7 एप्रिल 2022 ला मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना 22 तारखेपर्यंत हजर व्हायला सांगितलं आणि महामंडळाला त्यांना परत घ्यायला. मग कुठे गाड्या हलल्या! पाच महिन्यांच्या धाकाने जे साधलं नाही, ते नोकरी राहील या हमीने पंधरवड्यात साधलं.

आपल्या अलिबागजवळच्या चरीला हे जुनंच आहे. 1933 ते 1939, सहा वर्षं! तिथे नोकरी नव्हती, खोताची जमीन होती. पण खोताच्या मनात आलं की कूळ बाहेर. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांनी जमीन कसायची थांबवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले. पदरात काय पडलं? 1939 च्या कूळ कायद्यातलं 'संरक्षित कूळ'. म्हणजे मनाला येईल तेव्हा काढता येणार नाही, एवढीच हमी. तेवढ्यासाठी एवढा उपास.

पगार कापा की. काम नाही तर दाम नाही, हे रास्तच आहे. गाडीवर दगड मारणाऱ्याला चौकशी करून काढा. प्रवाशांचे हाल नकोत म्हणून आधी नोटीस देणं सक्तीचं असू द्या. पण नुसतं काम थांबवलं म्हणून कायमचं काढायचं ठरलं, तर ज्याची घरी नारळा-सुपारीची वाडी आहे त्यालाच संप परवडेल. ज्याचं पोट फक्त पगारावर आहे, त्याने काय करायचं?

आणि ठेकेदाराच्या माणसाला तर पत्रही लागत नाही. 'उद्यापासून येऊ नको' असं गेटवर सांगितलं, की झालं.