गाडी पासिंगला नापास झाली? आधी तुमचा भाव तपासा



मागच्या महिन्यात आमच्या एका जुन्या बॅचमधल्या मुलाचा फोन आला. वीस लिटरच्या पाण्याच्या जारचा धंदा, स्वतःचा छोटा आरओ प्लांट, एक ड्रायव्हर आणि सेकंडहँड घेतलेला छोटा हत्ती. गाडीला नऊ वर्षं झालेली. दिवे घाट चढून दिव्याच्या ट्रॅकवर पासिंगला गेला होता आणि तिथूनच फोन लावला. "सर, गाडी नापास केली. मागचा ब्रेक, टायर, हेडलाइट, रिफ्लेक्टर, चार गोष्टी काढल्यात. गॅरेजवाला म्हणतो अडीच हजारात पासिंगपुरतं करून देतो, टायर त्याच्याकडचेच लावतो, पास झाली की परत काढून घेतो. उद्याच परत आणतो. करू ना?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, संध्याकाळी वही घेऊन ये. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं तेच आज तुमच्यासाठी लिहितोय, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांकडे आज ना उद्या टेम्पो, पिकअप नाहीतर पिवळ्या पाटीची गाडी येणार आहे.

आधी नियमाचं थोडक्यात सांगतो. धंद्याची गाडी, म्हणजे ट्रान्सपोर्टमध्ये नोंदलेली, आठ वर्षांची होईपर्यंत तिचं फिटनेस दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी करावं लागतं. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला हे पंधरा वर्षांपर्यंत नाही. म्हणून घरची कार वापरून सवय झालेला माणूस पहिला टेम्पो घेतो तेव्हा पासिंग त्याच्या डोक्यातच नसतं. आणि ही नुसती कागदाची गोष्ट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेल्या ट्रान्सपोर्ट गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे फिटनेस संपलेल्या गाडीतून तुम्ही माल पाठवता तेव्हा कायद्याच्या नजरेत ती गाडी रस्त्यावर असायलाच नको. अपघात झाला तर विम्याच्या क्लेमचं काय होईल याचा अंदाज करा.

आता त्या "पासिंगपुरतं" या शब्दाकडे येऊ. आपल्याकडे हा एक स्वतंत्र उद्योग आहे बरं का! पासिंगपुरते टायर, पासिंगपुरता स्पीड गव्हर्नर, पासिंगपुरती स्टेपनी. ट्रॅकच्या आसपास विचारा, सगळं मिळतं. आणि मी इथे सोवळ्यात बसून बोलत नाहीये. मी स्वतः हे केलंय.

ट्रेनर व्हायच्या आधी माझा केटरिंगचा धंदा होता, हे जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. माझा टेम्पो असाच टायरवर नापास झाला. सीझन तोंडावर, लग्नाच्या ऑर्डरी घेतलेल्या. ओळखीच्या माणसाकडून दोन चांगले टायर आणले, पास करून घेतली, संध्याकाळी टायर परत केले. वाचलेल्या पैशांचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. सोळा दिवसांनी सातारच्या एका लग्नाला निघालेला टेम्पो खंबाटकी उतरून सुरूरजवळ पोचला आणि मागचा टायर फुटला. गाडी दुभाजकावर गेली. ड्रायव्हरचा हात दोन ठिकाणी मोडला. दोनशे माणसांचं जेवण रस्त्यावर. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आल्या आल्या टायरवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "हे टायर घेऊन पासिंग झालं?" फिटनेसचा कागद माझ्या हातात होता, नवा कोरा. काय बोलणार?

ड्रायव्हरच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको मला काही वाईट बोलली नाही. चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत होतो की नशीब खराब होतं. नशीब नव्हतं ते. ते दोन टायर होते, आणि ते खराब आहेत हे मला लेखी कळवलेलं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नापास झाल्यावर मिळालेला शेरा हा धंद्यात मिळणारा सगळ्यात स्वस्त सल्ला असतो. माझ्यासारखा ट्रेनर दोन दिवसांच्या वर्कशॉपचे हजारो रुपये घेतो. तिथे चाचणीच्या फीमध्ये तुम्हाला कोणीतरी सांगतं, की तुमच्या गाडीचा उजवा मागचा ब्रेक कमी धरतोय. तो कागद खिशात घालून "पासिंगपुरतं" करणं म्हणजे डॉक्टरचा रिपोर्ट घेऊन फक्त रिपोर्ट बदलून आणणं.

संध्याकाळी तो मुलगा आला. आम्ही शेरे एकेक करून बघितले. टायरचं सोपं असतं. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून बारीक उंचवटे असतात, झिजून टायर त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की संपला. चारचाकीला निदान १.६ मिलिमीटर खाच लागते असा नियम आहे. त्याच्या मागच्या टायरला खाचच शोधावी लागत होती. हेडलाइटचा झोत वर गेला होता, कारण कधीतरी बंपरला धक्का लागल्यावर कोणी तो सेट केलाच नव्हता. हे काम पंधरा मिनिटांचं. रिफ्लेक्टर टेप, म्हणजे पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, ही निघून गेली होती. तो म्हणाला, "सर, टेपसाठी कोण नापास करतं?" मी विचारलं, पहाटे साडेचारला तू हॉटेलांना जार टाकतोस ना, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून? मागून येणाऱ्या डंपरला तू कशाने दिसतोस? गप्प बसला.

ब्रेकचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ड्रायव्हर म्हणतो, "ब्रेक एकदम टकाटक आहे", आणि त्याला खरंच तसं वाटत असतं. रोज चालवणारा माणूस हळूहळू बिघडणाऱ्या ब्रेकची सवय करून घेतो, पाय आपोआप आधी पडायला लागतो. ट्रॅकवर वेगाने नेऊन जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, ते त्याच्या लक्षात येत नाही, तपासणाऱ्याच्या येतं. आणि स्वयंचलित केंद्रात तर चाकं रोलरवर ठेवून प्रत्येक चाक किती धरतं तो आकडाच समोर येतो. डावं-उजवं यातला फरक लपवता येत नाही. त्याच्या गाडीचा मागचा व्हील सिलिंडर गळत होता, ऑइल लायनरवर उतरलेलं. नुसती ॲडजस्टमेंट करून उद्या पास झाला असता कदाचित. पंधरा दिवसांनी परत तेच.

दुसरी गोष्ट. परत चाचणीला जाणं म्हणजे फुकटचा दुसरा चान्स असं समजू नका. २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे जे नियम आले, त्यात पुनर्चाचणी मागण्याची सोय आहे, तिची फी वेगळी भरावी लागते. पण पुनर्चाचणीतही गाडी नापास झाली तर तिला आयुष्य संपलेली गाडी ठरवण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. त्यावर अपील करता येतं, पण धंदा करायचा की अपिलं करत फिरायचं? सगळीकडची तपासणी टप्प्याटप्प्याने याच केंद्रांकडे चालली आहे. तेव्हा "उद्याच परत घेऊन जातो" ही घाई महागात पडू शकते. तुमच्या शेऱ्यावर जी मुदत लिहिली असेल ती बघा आणि तिच्या आत, पण काम पूर्ण करूनच जा. जाण्याआधी गाडी लोड करून एखाद्या मोकळ्या रस्त्यावर स्वतः ब्रेक मारून बघा. ड्रायव्हरवर सोडू नका. आणि त्याच नियमांत चाचणी केंद्राने दुरुस्तीचा किंवा स्पेअर पार्ट विकण्याचा धंदा करायचा नाही असंही आहे. त्यामुळे केंद्रातलाच कोणी "आमच्या माणसाकडून काम करून घ्या" म्हणाला तर दोनदा विचार करा.

एजंटचं विचाराल तर मी एजंटच्या विरोधात नाही. ऑनलाइन अर्ज, फी, स्लॉट, जुना चलन भरलाय का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे सगळं करायला वेळ नसेल तर द्या की पैसे. वेळेचीही किंमत असते. पण कागद नेणारा एजंट वेगळा आणि गाडी न नेता पास करून देतो म्हणणारा वेगळा. दुसऱ्याला मी दारात उभा करणार नाही.

आता वही. गॅरेजचा खरा खर्च आम्ही काढला. मागचे दोन नवे टायर, दोन्ही बाजूंचे लायनर, व्हील सिलिंडर, टेप, हेडलाइट, मजुरी, मिळून ११,००० रुपये. आकडा ऐकून तो म्हणाला, "सर, एवढे पैसे या महिन्यात नाहीत." मी म्हटलं, बरोबर आहे, नसणारच. जारचा भाव कसा काढलास ते दाखव. वहीत पाणी होतं, वीज होती, फिल्टर होते, ड्रायव्हरचा पगार होता, डिझेल होतं. गाडीची झीज? नाही. टायर? नाही. पासिंगची फी? नाही. पासिंगच्या दिवशी धंदा बंद राहतो त्याचं नुकसान? तेही नाही. नऊ वर्षांची गाडी त्याच्या हिशोबात कायम नवीच होती.

तो दिवसाला साधारण १२० जार टाकतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३६,००० जार. अकरा हजाराला छत्तीस हजाराने भागा. जारमागे एकतीस पैसे! हे सगळं काम एका वर्षात संपून जाईल असं धरून सुद्धा एकतीस पैसे, आणि टायर तर वर्षापेक्षा जास्त चालतील. तो तीस रुपयाला जार विकतो. ज्या पैशांसाठी तो दुसऱ्याचे टायर लावायला निघाला होता, ते प्रत्येक जारमागे चार आणे-आठ आण्याच्या मधले पैसे होते. त्याने ते गिऱ्हाइकाकडून कधी मागितलेच नव्हते.

मला इथेच भांडायचंय तुमच्याशी. "स्पर्धा आहे, भाव वाढवता येत नाही" हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. स्पर्धा आहे हे मान्य. पण समोरचा जर गुळगुळीत टायरवर स्वस्त जार विकत असेल, तर तो स्वस्त विकत नाहीये, तो त्याच्या ड्रायव्हरचा जीव डिस्काउंटमध्ये देतोय. त्या भावाशी तुम्हाला स्पर्धा करायची आहे का? आणि पकडला गेला, गाडी अडकली, की आठवड्याभरात त्याची गिऱ्हाइकं तुमच्याकडे येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तक्रारीला जागा आहे, नाही असं नाही. स्लॉट मिळत नाही, ट्रॅक लांब, सकाळी गेलेली गाडी दुपारी मोकळी होते, अख्खा दिवस बुडतो. फिटनेसला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये आकारायचे, यावरून २०२४ मध्ये आपल्या राज्यात रिक्षावाल्यांनी आंदोलन केलं ते काही उगाच नव्हतं. छोट्या माणसाचा बुडालेला दिवस कुठल्याच सरकारी हिशोबात धरलेला नसतो. ते बदलायला हवं आणि त्यासाठी संघटनेतून बोलायलाही हवं. पण तोपर्यंत तो दिवस तुम्ही तरी तुमच्या हिशोबात धरा. मुदत संपायच्या तीन-चार आठवडे आधीच गाडी गॅरेजला दाखवा. स्लॉट असा घ्या की नापास झालात तरी हातात काही दिवस उरतील. शेवटच्या दिवशी जाणाऱ्यालाच पासिंगपुरते टायर लागतात.

त्याने काय केलं ते सांगतो. चार दिवस शेजारच्या प्लांटवाल्याचा टेम्पो भाड्याने घेतला, दिवसाला दीड हजार. कुरकुरला, पण घेतला. आठ हजार त्याच्याकडे होते, तीन हजार गॅरेजवाल्याने महिनाभर थांबायचं कबूल केलं. काम झाल्यावर स्वतः गाडी चालवून बघितली, मला फोन करून म्हणाला, "सर, ब्रेक लागल्यावर डोकं काचेला लागणार होतं, इतका फरक आहे." पुनर्चाचणीत गाडी पास झाली. पहिल्या तारखेपासून जारमागे एक रुपया वाढवला. एका हॉटेलवाल्याने जार बंद केले, एका ऑफिसने दोन दिवस कटकट केली आणि मग गप्प बसले. बाकी कोणी विचारलंही नाही. ज्या रात्री मी हे लिहितोय त्याच दिवशी त्याचा मेसेज आलाय, दुसरा टेम्पो बघतोय म्हणून. मी एवढंच लिहिलं, की गाडी बघायला जाशील तेव्हा शेवटच्या पासिंगची तारीख आणि आता लावलेले टायर कोणाचे आहेत, या दोन गोष्टी विचारून ये.